नव्या गाडीच्या मीटरवर किती किलोमीटर चालतील?

आजचा विषय छोटा आहे, पण त्यावरून ऐन आनंदाच्या दिवशी घरात वाद होतात. पेढे घेऊन आपण शोरूममध्ये जातो, गाडी सुरू करतो आणि मीटरवर दिसतात साठ, सत्तर, कधी दीडशे किलोमीटर. कोणीतरी म्हणतं, "ही नवी कशी?" दुसरं म्हणतं, "जाऊ दे, मुहूर्त टळेल."

तर किती किलोमीटर चालतील? आधी हे बघू, की मीटर शून्यावर का नसतं. कारखान्यात गाडी तयार झाली की तिची चाचणी होते. मग ती कारखान्याच्या यार्डात जाते, तिथून ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीत चढते, उतरते, डीलरच्या स्टॉकयार्डात जाते. हे यार्ड बहुतेक वेळा गावाबाहेर असतं. तिथून शोरूमपर्यंत गाडी चालवत आणतात. मधे पेट्रोल पंप, धुलाई, अ‍ॅक्सेसरीज. हे सगळं धरलं तरी साधारण वीस ते पन्नास किलोमीटर होतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मीटर चाक फिरलं तरच पुढे जातं. चेन्नईहून दिल्लीला गाडी ट्रेलरवर गेली, तर त्या प्रवासाचा एकही किलोमीटर मीटरवर चढत नाही. म्हणून "सर, ट्रान्सपोर्टमध्ये चढले" हे उत्तर शंभराच्या वरच्या आकड्याला पुरत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम, यांत "इतक्या किलोमीटरपर्यंत गाडी नवी" असा आकडा दिलेला नाही. म्हणून मी माझं माप सांगतो. पन्नासपर्यंत काही विचारू नका. पन्नास ते शंभर असेल तर कारण विचारा. शंभराच्या वर असेल तर कारण कागदावर मागा. आणि कागद मिळत नसेल, तर दुसरी गाडी मागा.

आता माझ्याच घरची गोष्ट. माझी मुलगी हैदराबादला नोकरी करते. तिने स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली. दसऱ्याला ताब्यात घ्यायची होती. मी तिला म्हटलं, चार दिवस आधी दिवसाउजेडी बघून येऊ. गेलो. मीटरवर १८४ किलोमीटर!

विक्रेता पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "सर, ट्रान्सपोर्ट में इतना तो चलता है." मी विचारलं, ट्रेलरवर चाकं फिरतात का? तो गप्प झाला. मुलीचा चेहरा उतरला. तिला वाटत होतं की बाबा आता इथे परेड घेणार.

मंडळी, फौजेत प्रत्येक गाडीची एक वही असते, तिला आम्ही कार डायरी म्हणतो. गाडी किती वाजता निघाली, तेव्हा मीटर किती होतं, कुठे गेली, परत आली तेव्हा किती होतं, सगळं लिहायचं आणि सही करायची. दहा किलोमीटरचा हिशोब लागला नाही तर उत्तर द्यावं लागतं. मी आवाज चढवला नाही. मॅनेजरना एवढंच म्हटलं, "तुमच्याकडे गाडी आत-बाहेर करताना गेटपास होत असेल. तो दाखवा."

अर्ध्या तासाने कागद आले. आम्ही मागितलेला रंग यांच्याकडे नव्हता. वरंगळच्या दुसऱ्या डीलरकडे होता. तिथून ड्रायव्हरने ती गाडी रस्त्याने चालवत आणली होती. निघताना मीटर १९, हैदराबादच्या यार्डात पोचली तेव्हा १६८. म्हणजे १४९ किलोमीटर, आणि अंतरही साधारण तेवढंच. यार्ड ते शोरूम १६. बेरीज १८४. एकेक किलोमीटर जुळला.

आता दीडशे किलोमीटर चालल्याने गाडी बिघडली का? नाही. पण पहिल्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन सांभाळून चालवा, सारखा एकाच वेगाने दामटू नका, असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो पहिला हात आपला असावा, ही अपेक्षा रास्त आहे. आणि दुसरी शक्यता याहून वाईट असते. शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी, जी महिनाभर वीस जणांनी वीस तऱ्हेने चालवली, ती पुसून नवी म्हणून देणं. १८४ हा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक फक्त कागद सांगतो.

उलटही ऐका. आकडा कमी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या गाड्यांमध्ये मीटरला केबल असायची. ती काढून ठेवली की गाडी कितीही चालवा, काटा जागचा हलत नसे. आता मीटर डिजिटल आहे, तरी छेडछाड अशक्य नाही. म्हणून गाडीकडे बघा. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. गाडी खूप चालली की रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे ते झिजून जातात. पेडलचं रबर बघा. काचेवर स्टिकर काढल्याचा चिकटपणा आहे का बघा. नंबर प्लेटच्या जागी आधीच स्क्रू पिळल्याच्या खुणा आहेत का, तेही बघा.

आणि तारीख बघा. मीटरवर १२ किलोमीटर, पण गाडी बनून अकरा महिने झालेत, अशी गाडी मला १८४ वालीपेक्षा जास्त खटकेल. ती उन्हापावसात उभी राहिलेली असते, बॅटरी उतरलेली असू शकते, आणि उद्या विकताना वर्ष जुनं धरलं जातं. बनावटीचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये असतं. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चेसिस नंबर गाडीवर आणि कागदावर एकच आहे ना, हे स्वतः वाचून ताडून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. ही तपासणी पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी करा. आता नव्या गाडीची नोंदणी डीलरच करतो आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी ताब्यात मिळत नाही. म्हणजे किल्ली हातात येते तेव्हा गाडी कागदोपत्री तुमची झालेली असते. त्यानंतर परत करणं फार अवघड. म्हणून तपासणीच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, ताब्यात घेताना पुन्हा काढा, आणि तो आकडा डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी कुठून घेतली याने अडत नाही. पण तिथे तुमच्या बाजूने बोलणार तो हाच फोटो आणि हाच कागद.

आमच्या गाडीचं काय झालं? खरं सांगतो, मी ती नाकारली असती. किलोमीटरसाठी नाही, पहिलं उत्तर खोटं मिळालं म्हणून. पण गाडी मुलीची, पैसे तिचे. तिने मॅनेजरना सांगितलं की गाडी वरंगळहून रस्त्याने आली आणि ताबा देताना मीटर किती होतं, हे लेटरहेडवर लिहून द्या, आणि वॉरंटी ताब्याच्या तारखेपासून सुरू होते हेही त्यात घाला. त्यांनी दिलं. वर पहिल्या सर्व्हिसला ऑइल फुकट बदलून देऊ असंही लिहिलं. ते तिने मागितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "नक्की हीच घ्यायची?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डायरीत हिशोब लागला की गाडी पास करायचात ना? मग लागला की."

दसऱ्याला तिने गाडीला हार घातला. त्या विक्रेत्या पोरानेही पेढा घेतला आणि मला हळूच म्हणाला, "सर, मुझे भी यही बोलने को सिखाया था." मी त्याला म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाला आधी गेटपास दाखव.

तुम्ही गाडी घेतली तेव्हा मीटरवर किती होते? तुम्ही विचारलंत का, आणि काय उत्तर मिळालं? जरूर कळवा. नमस्कार.