माणसाआधी मेंढी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी गुरांचा डॉक्टर. पण माझं काम गोठ्यात नाही, शस्त्रक्रियागृहात चालतं. टेबलावर मेंढी किंवा डुक्कर असतं आणि मी त्याला भूल देतो.

या खोलीला हायब्रिड ऑपरेशन थिएटर म्हणतात. एरवी छाती उघडणारे सर्जन एका खोलीत, तर रक्तवाहिनीतून नळी सरकवून अँजिओग्राफी करणारे डॉक्टर दुसऱ्या खोलीत काम करतात. इथे शस्त्रक्रियेचं टेबल आणि त्याभोवती फिरणारं एक्स-रे यंत्र एकत्र असतं. नळीतून बसवलेली हृदयाची झडप जागेवरून सरकली, तर जनावर न हलवता तिथल्या तिथे छाती उघडता येते. झडप का सरकली, तेही कळतं.

अशी झडप प्रथम डुकराला बसली, 1 मे 1989 रोजी, डेन्मार्कमध्ये. डॉ. हेनिंग अँडरसन यांनी ती स्वतःच्या हातांनी तयार केली होती. माणसाच्या महाधमनीच्या जागी अशी झडप बसायला 2002 साल उजाडलं. फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी ती बसवली.

आपल्याकडचं उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं. परदेशी झडप गरिबाला परवडत नव्हती. डॉ. वालियाथन यांच्या चमूचे आधीचे आराखडे अपुरे ठरले. चौथा आराखडा मेंढ्यांमध्ये टिकला आणि 6 डिसेंबर 1990 रोजी तो पहिल्या रुग्णाला लाभला.

मेंढीच का? तिचं हृदय आकाराने माणसाच्या हृदयाजवळ जातं. शिवाय कोवळ्या मेंढीत ऊतींच्या झडपेवर कॅल्शियम लवकर साचतं. माणसात वर्षांनी दिसणारा दोष तिच्यात महिन्यांत दिसतो.

एक प्रसंग सांगतो. झडप बसवलेली एक मेंढी तपासणीसाठी भूल दिल्यावर दगावली. माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं तर काही चुकलं नाही? झडप बनवणाऱ्यांपैकी एकाने हळूच विचारलं, ‘भुलीमुळे गेली असं लिहिता येईल का?’ लिहिलं असतं तर झडप निर्दोष ठरली असती. मी म्हटलं, ‘आधी शवविच्छेदन होऊ द्या.’ झडपेच्या पाकळीमागे रक्ताची गुठळी सापडली. अहवालात तेच लिहिलं. आराखडा बदलावा लागला, काम लांबलं. पण ती गुठळी उद्या कुणाच्या तरी आईच्या हृदयात झाली असती.

जनावर वापरणं मला सोपं वाटत नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आधी परवानगी लागते. जनावरं कमीत कमी वापरायची, त्यांना वेदना होऊ द्यायच्या नाहीत, पर्याय असेल तर वापरायचीच नाहीत, हा दंडक आहे. त्यात मी माझ्यापुरती एक भर घातली आहे. जे जनावर आपल्यासाठी गेलं, त्याच्याबद्दल कागदावर खोटं लिहायचं नाही. तेवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.