फेटाळलेल्या प्रस्तावांचं दप्तर



अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग सगळ्यांचा वेळ खायचा, अशी रीत आहे. आभार मनापासून मानतो. वेळेचं बघू.

माझी रोजीरोटी बरीच वर्षं पायथन या संगणकभाषेवर चालली. ही भाषा ‘ओपन सोर्स’ आहे म्हटलं की समोरचा माणूस ‘म्हणजे फुकट ना?’ असं विचारून मोकळा होतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमला ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१मध्ये मूळ कोडसकट लोकांपुढे ठेवली. तेवढ्याने काम भागलं नाही. २००० साली १.६ आवृत्तीच्या परवान्यात व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू होईल, असं एक कलम होतं. त्या कलमापायी हा परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळत नाही, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं पडलं. पुढे दुरुस्ती झाली आणि २००१मध्ये भाषेचा सांभाळ करायला पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. वकिलांचं काम तिथे संपलं.

मला भुरळ घातली ती दप्तराने. पायथनमध्ये मोठा बदल हवा असेल तर प्रस्ताव लिहावा लागतो. त्याला सगळे ‘पेप’ म्हणतात. मंजूर झालेले पेप जपले जातात यात नवल नाही, पण फेटाळलेलेही कारणासकट जपलेले आहेत. ३१३ क्रमांकाचा पेप पाहा. पायथनमध्ये रोमन अंक लिहिता यावेत, असा तो प्रस्ताव. तो फेटाळताना कारण दिलंय की नऊ कसा लिहायचा यावर एकमत होईना: दहाच्या आधी एक काठी ठेवायची, की पाचापुढे चार काठ्या मांडायच्या? प्रस्तावाची तारीख आहे १ एप्रिल २००३. थट्टासुद्धा रीतसर नोंदवलेली!

याउलट, मी शाळेत मराठी शुद्धलेखनाचे नियम पाठ केले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हे छडीसकट लक्षात आहे. तो तसा का ठरला, विरोधात कोण काय बोललं, हे मात्र एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

दप्तर नीट असलं म्हणून भांडणं टळतात असं नाही. २०१८मध्ये ५७२ क्रमांकाच्या पेपवरून रण माजलं. वाद कशाचा, तर विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे बरोबरचं चिन्ह काढून वाक्याच्या पोटातच किंमत ठेवू द्यायची की नाही, याचा. गिडोंनी प्रस्ताव मंजूर केला, पण त्या ओढाताणीने ते इतके विटले की जुलैमध्ये त्यांनी अखेरचा शब्द आपला असण्याचा अधिकारच सोडला. आणि वारस नेमला नाही! कारभार कसा चालवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. मग त्याचेही पेप लिहिले गेले, मतदान झालं आणि २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात बसू शकत नाहीत. आपल्या गावोगावच्या कार्यकारिणींनी हे कलम उतरवून घ्यावं. नातेवाइकांपुरतं जरी घेतलं तरी पुष्कळ. पहिल्या मंडळात गिडोही होते, पाचांतले एक म्हणून.

आता आपल्या घरचं. पायथन ३मध्ये चलाचं नाव ‘किंमत’ असं देवनागरीत ठेवता येतं. ‘१२५’ ही अक्षरं अवतरणचिन्हांत घालून ‘इंट’ या फंक्शनला दिली की खरा एकशे पंचवीस हाती येतो. पण तेच अवतरणाबाहेर, थेट कोडमध्ये लिहा. पायथन चूक दाखवून थांबतो. ‘क्षि’ची लांबी विचारली तर उत्तर येतं चार. क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे तो मोजतो. ‘मराठी’ उलटवून मागा, शेवटची वेलांटी सगळ्यांच्या पुढे, अक्षराविना लोंबकळत येते. पायथनच्या हिशेबात हे बरोबरच आहे. पहिलीतल्या पोरीला विचाराल तर ती हसेल.

तिचं हसणं बरोबर का, हे प्रस्तावाच्या रीतीने कारणांसकट लिहायला माणसं हवीत, आणि ती या सभागृहात बसलेली आहेत. व्याकरणवाले उजवीकडे, कोडवाले डावीकडे. मधली वाट मोकळी ठेवलीय, बहुधा चहावाल्यासाठी. माझा लॅपटॉप दुपारच्या सुट्टीत मागच्या टेबलावर उघडा असेल. ज्यांना ‘क्षि’ मोजून पाहायचाय, त्यांनी यावं.