सल्लागाराची नोकरी



आमच्या मुलांपुढे आज एक नवी वाट आहे, आणि तिचा पगार ऐकूनच आम्ही आईबाप दिपून जातो. ही वाट म्हणजे व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या कंपनीतील नोकरी. तिचे गुणदोष आपण शांतपणे तोलून पाहू.

लाभ खरे आहेत. आज पोलाद, उद्या औषधे, परवा बँक. तीनचार वर्षांत इतके धंदे आतून पाहावयास अन्यत्र क्वचितच मिळतात. अडचणीची फोड करून ती सोडविण्याची शिस्त लागते. उलटपक्षी जागरणे आहेत, सततचा प्रवास आहे. आणि ठराविक मुदतीत बढती न मिळाल्यास निरोपाचा नारळ, हा अनेक नामवंत कंपन्यांचा शिरस्ताच आहे.

परंतु खरी उणीव याहून खोल आहे. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकविणारे जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ साली अशी कंपनी काढली. तिने शिकागोच्याच मार्शल फील्ड या बड्या व्यापारी कंपनीला सल्ला दिला आणि १९३५ मध्ये मॅकिन्झी स्वतःच तिचे प्रमुख झाले. शेकडो माणसांना घरी पाठवावे लागले. दुसऱ्यांना सल्ला देण्यापेक्षा आपण निर्णय घेणे किती कठीण, याची कबुली त्यांनी तेथे दिली. १९३७ मध्ये ते वारले.

म्हणून आम्ही म्हणतो, मुलांनी तेथे अवश्य जावे, पण शाळेत जावे तसे. ज्या निर्णयाने कोणाची चूल विझेल किंवा पेटेल, त्याचा भार आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या खांद्यावर घ्यावा. मग तोंडून निघणारा सल्ला अधिक जपून निघेल.