पडक्या घरातले लोखंड
(दीपनगर येथे साक्षरता वर्गातील प्रौढ स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे भंगाराविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कुणी हसेल. भंगार म्हणजे टाकाऊ माल, त्यावर काय बोलायचे? पण थोडे ऐकून घ्या. या टाकाऊ मालात पुष्कळांची भाकरी आहे. त्यात देशाची बचत आहे. आणि तो काढताना सांभाळले नाही, तर त्यात माणसाचा जीवही जातो. तुमच्यापैकी किती तरी जण पाडकामावर जातात. कुणी भंगाराच्या दुकानात माल निवडायला बसतात. तेव्हा हा विषय तुमचाच आहे.

जुनी चाल

मोडलेली वस्तू पुन्हा कामी आणणे आपल्याला नवे नाही. घरातला तांब्या फुटला, पातेले चेपले, तर आपली आई ते उकिरड्यावर टाकत नसे. ती ते मोडीत देई. तांबट त्याचे वजन करी आणि नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीचे पैसे वजा करी. गावाबाहेर घिसाड्याची पालं पडत. त्याच्या भात्यापुढे मोडका फाळ नेला, की त्याचा विळा होई, खुरपे होई. लोखंड मोडते, पण मरत नाही. ही गोष्ट आपल्या अडाणी आजीलाही ठाऊक होती.

आपल्याकडची जुनी घरे आठवा. मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि वर धाबे. त्या घरात लोखंड किती? कडी-कोयंडा, बिजागऱ्या, खिडकीचे गज आणि थोडे खिळे. घर पाडले तर मुख्य माल लाकडाचा निघे.

आताच्या घराचे तसे नाही. ते सिमेंटचे आहे. सिमेंट-काँक्रीट हे त्याचे मांस आणि सळई हे त्याचे हाड. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली घ्या. तिच्या नुसत्या स्लॅबमध्ये साधारण एक क्विंटल सळई असते. खांब आणि तुळया यांची सळई वेगळी. तिच्याशिवाय खिडक्यांच्या जाळ्या, पत्रे, नळ, विजेच्या तारा हे सगळे आहेच. म्हणजे दहा खोल्यांची इमारत पाडली, तर स्लॅबमधूनच एक टनाच्या आसपास लोखंड निघेल.

आता आपल्या दीपनगरकडे बघा. इथल्या वीज केंद्राचा पहिला संच 1968 साली सुरू झाला. मग 1979 आणि 1982 साली 210 मेगावॅटचे दोन संच आले. पुढे 500 मेगावॅटचे दोन आले आणि त्यानंतर 660 मेगावॅटचा संच उभा राहिला. सर्वांत जुना संच तर केव्हाच बंद झाला. यंत्रालाही म्हातारपण असते. असे केंद्र म्हातारे झाले म्हणजे त्यात काय काय सापडते? बॉयलरच्या पोलादी नळ्या, लोखंडी गर्डर, मोटारींतले तांबे, केबलीतले ॲल्युमिनियम. तो एक उभा डोंगरच असतो. सरकारी कंपन्यांचा असा माल लिलावाने विकला जातो. 1964 साली स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आता हे लिलाव संगणकावर घेते.

हे लोखंड जाते कुठे?

आपल्या खानदेशातून अजिंठ्याचा घाट चढून पुढे गेले, की जालना लागते. जालना हे पोलादाच्या सळईचे मोठे गाव आहे. तिथे विजेवर चालणाऱ्या भट्ट्या आहेत. गावोगावचे भंगार त्या भट्ट्यांत पडते. लोखंड वितळायला सुमारे 1538 अंश उष्णता लागते. पाणी 100 अंशांवर उकळते, यावरून अंदाज करा. वितळलेला लाल रस साच्यात ओततात. त्याचे चौकोनी लांब ठोकळे होतात. ते ठोकळे तापवून रुळांमधून काढले, की नवी सळई तयार होते. काल पडलेल्या घराची सळई उद्या दुसऱ्या कुणाच्या घराला आधार देते.

कुणी विचारील, "अहो, खाणीतली माती आहे की! त्यातून नवे लोखंड काढावे. हा उपद्व्याप कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. केंद्र सरकारने 2019 साली पोलादी भंगाराविषयी एक धोरण जाहीर केले. त्यात हिशेब दिला आहे. एक टन भंगार वापरले, तर खाणीतला 1.1 टन लोहखनिज दगड वाचतो. 630 किलो कोळसा वाचतो. 55 किलो चुनखडी वाचते. पाणी 40 टक्के कमी लागते. हवेत जाणारा घातक धूरवायू 58 टक्क्यांनी कमी होतो.

यातला कोळसा आपल्या केंद्रात जळतो तो नव्हे. पोलादाच्या भट्टीला वेगळ्या जातीचा कोळसा लागतो. तो आपल्या देशात थोडा आहे. बहुतेक परदेशातून जहाजाने आणावा लागतो. त्याचे पैसे बाहेर जातात. इतकेच काय, आपला देश दरवर्षी लाखो टन भंगारही बाहेरून विकत आणतो! मग आपल्याच गावच्या पडक्या इमारतीतली सळई मातीच्या भरावात गाडून टाकणे हा शहाणपणा आहे का?

ॲल्युमिनियमची गोष्ट तर याहून मोठी. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करायला 100 भाग ऊर्जा लागत असेल, तर जुने वितळवायला फक्त 5 भाग पुरते. वीज कशी तयार होते हे दीपनगरला सांगायला नको. विजेचा प्रत्येक युनिट म्हणजे कोळसा, पाणी आणि राख. खिडकीची एक जुनी चौकट भट्टीत गेली, तर तेवढी राख कमी पडते.

आधी निवडा, मग पाडा

पण मंडळी, भंगाराला किंमत येते ती निवडीने. गहू आणि खडे एकत्र असतील, तर गव्हाला कोण भाव देईल? तसेच हे आहे. यंत्राने सगळी इमारत एकदम भुईसपाट केली, तर तारा, पत्रे, सळया, विटा, लाकूड यांचा एकच काला होतो.

म्हणून पाडकामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम वीज आणि पाणी तोडावे. मग दारे, खिडक्या, जाळ्या, नळ आणि तारा सुट्या काढाव्यात. मग छताचे पत्रे. शेवटी स्लॅब आणि भिंती, त्याही वरून खाली. काँक्रीट फोडून सळई वेगळी करावी. लोखंडाचा ढीग वेगळा, तांब्याचा वेगळा, पितळेचा वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा.

लोखंड आणि तांबे एकत्र का ठेवू नये? कारण भट्टीत तांबे मिसळले, तर ते पुन्हा बाहेर काढता येत नाही. मग ते पोलाद तापवून लाटताना चिरते. चुंबक जवळ ठेवा. साधे लोखंड चुंबकाला चिकटते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही. एवढी युक्ती पोरालाही येईल.

सरकारनेही यात लक्ष घातले आहे. 2016 साली बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयी केंद्राने पहिल्यांदा वेगळे नियम केले. मोठे काम असेल तर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे ढीग निराळे करावेत, असे त्यांत सांगितले. पुढे 2025 साली नव्या नियमांची अधिसूचना निघाली.

आणखी एक इशारा. पाडकामातली वाकडी सळई ठोकून सरळ करतात आणि स्वस्तात विकतात. स्वस्त म्हणून ती नव्या घराच्या स्लॅबला वापरू नका. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या, गंजाने खाल्लेल्या सळईत पहिला जोर राहत नाही. कुंपणाला, वेलाच्या मांडवाला ती चालेल. ज्या छताखाली मुले निजणार, त्याला आय.एस.आय. खुणेची नवी सळईच घाला. जुनीची जागा भट्टीत.

जिवापेक्षा लोखंड मोठे नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. नीट लक्ष द्या.

तांब्याच्या तारेवरचे प्लॅस्टिक काढण्यासाठी ती जाळू नका. तो धूर विषारी असतो. तो तुमच्या छातीत जातो, शेजारी खेळणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. शिवाय जळून काळे पडलेले तांबे भावात मार खाते. वरचे आवरण चाकूने किंवा यंत्राने सोलून काढा. भाव चांगला येतो आणि छाती शाबूत राहते.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गॅसने कापला, तर त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. असा पत्रा उघड्यावर, वाऱ्याच्या कडेला उभे राहून कापा. बंद पिंप गॅसने कधीही कापू नका. आत तेलाची वाफ असेल तर ते बाँबसारखे फुटते. जुने सिमेंटी पत्रे फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. ते फुप्फुसात रुतून बसतात आणि रोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. असे पत्रे ओले करून, अख्खे उतरवावेत.

आणि एक खूण डोळ्यांत साठवून ठेवा. पिवळ्या रंगावर तीन काळी पाती. ही खूण किरणोत्सर्गाची आहे. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात काय झाले, ऐका. लिलावात घेतलेले एक जुने यंत्र भंगारात आले. कामगारांनी ते सुटे केले. त्याच्या पोटात कोबाल्ट नावाचा किरणे सोडणारा पदार्थ होता. तो दिसत नव्हता, त्याला वास नव्हता. एक कामगार दगावला आणि बाकीचे काही आजारी पडले. ही खूण दिसली तर हात लावू नका. दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

वजन आणि पावती

आता हिशेबाकडे वळू. साक्षर माणसाला वजनात फसवता येत नाही. कसे ते सांगतो.

सळईचे वजन तिच्या जाडीवरून ठरते. जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये घ्या. त्याला त्याच आकड्याने गुणा. आलेल्या संख्येला 162 ने भागा. एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. भागाकार अवघड वाटला, तर एवढे पाठ करा:

8 मिलिमीटर सळई: एका मीटरला 395 ग्रॅम.
10 मिलिमीटर सळई: एका मीटरला 617 ग्रॅम.
12 मिलिमीटर सळई: एका मीटरला सुमारे 890 ग्रॅम.
16 मिलिमीटर सळई: एका मीटरला 1 किलो 580 ग्रॅम.

समजा, तुम्ही 10 मिलिमीटरचे 100 तुकडे आणले. प्रत्येक तुकडा 3 मीटरचा. म्हणजे 300 मीटर झाले. 300 गुणिले 617 ग्रॅम, म्हणजे 185 किलो. गंजामुळे थोडी घट धरा. पण काटा जर 150 किलोच दाखवत असेल, तर शांतपणे विचारा, "शेठ, माझे 35 किलो कुठे गेले?" भाव 30 रुपये किलो धरला, तर 35 किलोचे 1050 रुपये होतात. तेवढ्यात घरचा किती दिवसांचा किराणा येतो, ते घरच्या बाईला विचारा.

काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का आणि तारीख असते. ती वाचा. पावती मागा. पावतीवर माल, वजन, भाव आणि रक्कम असे चार आकडे-शब्द असतात. ते वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आता तर सही करा. तसेच, ज्या मालाची पावती नाही, जो माल फाटकाबाहेर रात्री निघतो, त्याला शिवू नका. ते भंगार नव्हे, ती चोरी आहे. पकडला जातो तो गरीबच.

पाडकामावर जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामालाही बांधकामात धरले. वर्षातून 90 दिवस असे काम केलेल्या, 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येते. बायकांनाही येते. "मी तर नुसती घमेली वाहते," असे म्हणून मागे राहू नका. घमेली वाहणारीही कामगारच आहे. कामाच्या दिवसांचा दाखला मुकादमाकडून लिहून घ्या आणि तो स्वतः वाचून पाहा.

बंधूंनो, भगिनींनो, तुम्ही ढिगाऱ्यातून सळई ओढून काढता, तेव्हा खाणीतला दगड वाचतो, कोळसा वाचतो, पाणी वाचते. हे काम हलके नाही आणि लाजेचे तर मुळीच नाही. मात्र ते डोक्याला टोपी, हाताला मोजे, पायाला बूट आणि खिशात पेन्सिल ठेवून करा. टोपी जीव राखील आणि पेन्सिल मजुरी राखील.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने सळईचा एक तुकडा मोजून यावे. जाडी किती, लांबी किती, वजन किती, हे पाटीवर लिहून आणावे. काट्याशी ताडा आपण इथेच करू.