सातवाहन आणि वाकाटक: कुणब्याचे नाव कुठे सापडते?
(वडनेर भोलजी येथील बैठकीतले भाषण)



पोरांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या माया आणि इंका या दोन जुन्या संस्कृतींची तुलना असते. कोणाचे देऊळ उंच, कोणाचा रस्ता लांब. आम्ही वाचताना दुसरेच शोधत होतो. पिकवणाऱ्याचे काय? इंकांच्या राज्यात नाणे नव्हते. कोठारे राजाची, आणि कर म्हणजे पाळीपाळीने वेठ. मायांची नगरे अनेक, राजेही अनेक. तिथे बाजार भरत, कोकोच्या बिया नाण्यासारख्या चालत. म्हणजे एकीकडे माल कोठारात, दुसरीकडे थोडाफार बाजारात. हीच फूटपट्टी आम्ही आपल्या मुलखाला लावली. इथेही दोन मोठी राज्ये होऊन गेली. आधी पैठणचे सातवाहन, त्यांच्यामागून विदर्भातले वाकाटक. वाकाटकांची एक राजधानी तर आपले वाशीम, तेव्हाचे वत्सगुल्म.

सातवाहनांच्या काळातले, इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, एका दर्यावर्दी व्यापाऱ्याचे ग्रीक भाषेतले टिपण आहे. त्यात लिहिले आहे की पैठण आणि तगर इथून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथला माल काय? भरपूर साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. कापूस कोणत्या रानातला हे व्यापाऱ्याने लिहिले नाही, व्यापारी ते कधीच लिहीत नाही. पण कापूस रानातच पिकतो.

नाणे खेड्यापर्यंत पोचले होते. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची दीड हजारावर नाणी एका ठिकाणी सापडली. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. दोन हजारांवर व्याज महिना शेकडा एक, हजारावर पाऊण. वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. आपल्याकडचा सावकारी दर आठवा आणि मग हसा.

पण आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला तो पुणे जिल्ह्यातल्या शेलारवाडीचा छोटा लेख. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या माणसाची बायको सिअगुतणिका हिने लेणे दान दिले. नवऱ्याची ओळख काय लिहिली? ‘हलकिय कुडुबिक’. हलकिय म्हणजे नांगरधारी. कुडुबिक म्हणजे कुटुंबवाला, आणि आपला कुणबी हा शब्द त्यातूनच आला असे मानतात. मायबहिणींनो, दगडावर नाव कोरले आहे ते कुणब्याच्या बायकोचे. घरखर्च भागून हातात काही उरले, म्हणूनच दान झाले ना!

आता वाकाटक. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक गावी १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना ताम्रपट वर आला. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा. हे गाव, आठ हजार ‘भूमी’ मापाचे, एक हजार ब्राह्मणांना दान दिले असे त्यात म्हटले आहे. यादीत नावे मात्र एकोणपन्नास! कागदावरचा आकडा आणि जागेवरचा आकडा यांचे भांडण आजकालचे नाही.

खरी वाचण्यासारखी आहे ती सवलतींची यादी. या गावात शिपाई-प्यादे शिरणार नाहीत. गावाने गायी-बैल पुरवायचे नाहीत. फुले-दूध नाही, चारा, कातडे, कोळसा नाही. मीठ खणण्याचा हक्क राजाचा, तोही इथे सोडला. कोणतीही वेठ नाही. भावांनो, ही माफी एका गावाला. ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही त्यांना काय काय द्यावे लागत होते, त्याची ही यादीच झाली की! आणि माफी मिळाली तीही गाव घेणाऱ्याला. रान कसणाऱ्याचे नाव त्या पत्र्यावर नाही.

वाकाटकांची नाणी सापडतात ती फारच थोडी. रोमकडचा व्यापार तोवर ओसरला होता. अजिंठा आपल्याला लांब नाही, तिथे दोन्ही काळ शेजारी दिसतात. नऊ आणि दहा नंबरची लेणी सातवाहन काळातली. सोळावे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले, सतरावे एका मांडलिक राजाने. चित्रे अप्रतिम आहेत, आम्ही मान वर करून करून पाहिली. पण खर्च कोणाच्या खळ्यावरून आला ते भिंतीवर नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे सातवाहन शेतकऱ्याचे राजे होते? तसे नाही. गौतमीपुत्र सातकर्णीनेही नाशिकजवळ शेत दान देताना तिथे राजाचे अधिकारी शिरणार नाहीत, मीठ खणणार नाहीत, असे लिहून दिले आहे. म्हणजे इतरत्र ते शिरतच होते. बोकांडी बसणारे दोन्हीकडे होते. फरक इतकाच की एका काळात गाडी भरून बाजाराला जायची वाट बरीच मोकळी होती, दुसऱ्या काळात ती अरुंद झाली. १९७२ पासून तीसएक वर्षे कापूस एकाधिकार ज्यांनी भोगला, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

जाता जाता एक विनंती. नांगराला पत्रा लागला, नाण्यांचे मडके लागले, तर मोडीत देऊ नका. तहसीलदाराला कळवा, पावती मागून घ्या.