कवायत आणि नेतृत्व



चीन युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली; १९६८ मध्ये ती सक्ती उठली. सक्तीने कवायत होते, चारित्र्य घडत नाही.

२०१९ पासून बल्लारपूरनजीक सैनिकी शाळा चालू आहे. वक्तशीरपणा, श्रम, सोबत्याची काळजी हे गुण अशा शिक्षणातून येतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. त्याच बळावर २००९ मध्ये या गोंड गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला.

आज्ञापालन मैदानावर शिकता येते; सर्वांचे ऐकून घेणे ग्रामसभेतच. म्हणून छात्रांनी वर्षातून काही दिवस अशा गावी, श्रोते म्हणून, घालवावेत. एरवी लोकांचे नेते नव्हे, लोकांवरचे हुकूमदार तयार होतील.