छावणीतली सोय गावापर्यंत आणायची तर

(महाड तालुक्यातील सव येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सव म्हटलं की लोकांना सावित्रीकाठचे गरम पाण्याचे झरे आठवतात. पण या मुलखाची आणखी एक ओळख आहे. आपल्याच तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. फौज त्याच्या नावातच आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात गेली. अशा घरातलं एखादं मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल तर त्याच्या वाट्याला काय येतं, यावर आज बोलायचं आहे.

ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. नावाने हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही. बोलणं उशिरा येतं, कधी येतच नाही. मिक्सर सुरू झाला की ते कान झाकून घेतं. ही बाधा नाही, नजर नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. ताईत आणि भगत यांच्यात गेलेली दोन वर्षं ही त्या मुलाच्या शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं असतात.

अशा मुलाला ठरलेला दिनक्रम लागतो. फौजीच्या घरात नेमका तोच टिकत नाही. बदली झाली की घर नवं, शाळा नवी, थेरपिस्टही नवा. वडिलांना सीमेवर पाठवलं की कुटुंब सोबत जाऊ शकत नाही. आई मुलाला घेऊन गावी येते.

सैन्याने याचा विचार केलेला आहे. लष्करातल्या पत्नींची कल्याण संघटना, म्हणजे 'आवा', विशेष मुलांसाठी आशा स्कूल चालवते. पुण्यातही ती आहे. नौदलाची मुंबईत 'संकल्प' शाळा आहे. उपचारांची सोय असलेल्या ठिकाणी बदली मिळावी म्हणून जवानाला अर्ज करता येतो. निवृत्तीनंतर 'ईसीएचएस'मध्ये उपचार मिळतात आणि अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाला त्यात वयाची मर्यादा लागत नाही.

पण या शाळा छावणीत आहेत आणि मूल इथे आहे. पुणे घाटापलीकडे, आणि पावसाळ्यात वरंध घाटाचा भरवसा नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला, जिल्हा रुग्णालयही तिथेच. रडणाऱ्या, गर्दीला बिचकणाऱ्या मुलाला घेऊन आईने एसटीने एकटीने जायचं, आणि एक कागद कमी म्हणून परत यायचं! हक्क असूनही हाती काही येत नाही ते इथे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हे मला पटकन दिसतं. इथे क्रम असा आहे.

पहिलं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याची तपासणी 'इसा' या ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीने होते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो.

दुसरं, नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही येतो. दरवर्षी नूतनीकरण मात्र चुकवायचं नाही.

तिसरं, सैन्यातली नोंद. मुलाचं नाव 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये आलं आहे का, हे वडील नोकरीत असतानाच पाहायचं. जे मूल स्वतःची उपजीविका करू शकत नाही, त्याला नियमांच्या अटी पूर्ण झाल्यास आई-वडिलांच्या पश्चात आजीवन कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. ही नोंद वडील हयात असताना झाली तर काम सोपं. दोघंही गेल्यावर ते काम कोण करणार? ज्याच्यासाठी करायचं, तो मुलगा तर स्वतःची सहीही करू शकत नाही.

चौथं, पालकत्व. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकाची नेमणूक करून घ्यावी लागते. आपल्यानंतर कोण, हे त्या वेळी घरात मोकळेपणाने ठरवायचं.

यातला फक्त तिसरा कागद फौजीचा आहे. बाकीचे तीन सगळ्यांचे आहेत. आपल्या मोहल्ल्यात कुणाचे अब्बा दुबईत, कुणाचे कुवेतला, कुणाचे जहाजावर. तिथेही आई एकटीच आहे, आणि तिच्या पाठीशी आशा स्कूलही नाही, ईसीएचएसही नाही. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क तिच्या मुलालाही आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

ते कुणीतरी म्हणजे आपणच. महाडच्या पुरात एकाही पोराने चिखल काढताना दारावरची पाटी वाचली नाही. इथेही तसंच करायचं. आपल्यातल्या एकाने फॉर्म भरायचा, एकाने अलिबागला सोबत जायचं. एखाद्या बहिणीने त्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळे करून द्यायचे, म्हणजे तिला निदान झोप मिळेल. आणि लग्नात ते मूल ओरडलं तर आपण वळून बघायचं नाही.

बैठक संपल्यावर माझ्याकडे वही आहे. आपल्या माहितीतल्या घरांशी आधी बोला, त्यांची परवानगी घ्या आणि मगच त्यांची नावं त्यात लिहा. पहिले पाच अर्ज या महिन्यात भरू.